घरापुरत्या दुधासाठी दोन बकऱ्या : कळमेश्वर रोडवरचं दीड एकर

सांबारवडी | २८ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. कळमेश्वर रोडला आमचं दीड एकर आहे. विहीर, चाळीस संत्र्याची झाडं, धुऱ्यावर बाभळी-बोरी आणि दोन खोल्यांचं घर. सासरे निवृत्त झाल्यावर आई-बाबा तिथंच राहायला गेले. आम्ही नागपुरातल्या मनीषनगरातून शनिवार-रविवार जातो. गाय सांभाळणं आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून मागच्या महिन्यात बकरी आणली. विकणारा म्हणाला, "जमनापारी क्रॉस, तीन लिटर दूध." कान लांब, रंग पांढरा-तपकिरी, कास अशी टम्म की बाबा बाजारातच खूश. सतरा हजार मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं साडेतीनशे मिली. तिसऱ्या दिवशीही तेवढंच. सोबत दोन महिन्यांचा एक बोकड आहे, तो दिवसभर आईला लुचतो तो वेगळाच.

आता प्रश्न. आम्ही फसलो, की आमचंच काही चुकतंय? दुसरी बकरी घ्यायची तर कोणती? आणि मे महिना तोंडावर आलाय, पत्र्याच्या शेडखाली ही जगणार कशी?

जाता जाता, बकरीनं काल संत्र्याच्या दोन कलमांची साल सोलून खाल्ली. घरातलं वातावरण त्यामुळे जरा तापलेलं आहे.

धुरेकरी | २८ एप्रिल, रात्री ११.०२

ताई, फसले तुमी. पण एकटे नाई फसले, मी बी फसलो होतो. बाजाराच्या आदल्या दिवशी सांजेले दूध काढत नाई, सकाळी बी काढत नाई, पिल्लू बांधून ठेवते. मंग कास अशी फुगते का मानूस पाहतच राह्यते. बकरी बिचारी पाय फाकवून उभी राह्यते तवा समजाले पायजे, पन आपून कान पाहत राह्यतो.

मायाकडे हिंगण्याच्या बाजूले चौदा हाय. सगळ्या गावरान. आता सायब लोकं तिले 'बेरारी' म्हन्ते, आमी लहानपनापासून बकरीच म्हनतो.

कोथरूडकर | २९ एप्रिल, सकाळी ८.२०

सानेन का नाही घेत? युरोपात चार-चार लिटर देतात. क्रॉस मिळतात असं व्हिडिओत पाहिलं. शिवाय शेळीपालनाला ५० टक्के अनुदान आहे म्हणे.

धुरेकरी | २९ एप्रिल, सकाळी ८.४१

भाऊ, नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसात, नागपूरले या एकदा. सानेन सोडा, तुमीच किती लिटर देता ते पाहू.

निवृत्त_पशुवैद्य | २९ एप्रिल, दुपारी १.३०

धुरेकरींचं उत्तर तिखट आहे, पण चूक नाही. सानेन ही स्वित्झर्लंडची जात. अंग पांढरं, कातडी गुलाबी, थंडीत सुखी. आपल्याकडं मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो. तिथं तिची सगळी ताकद अंग गार ठेवण्यात जाते, दुधाला काय उरणार? कूलर, फॉगर लावून सांभाळणारे आहेत, पण तो घरापुरत्या दुधाचा मार्ग नव्हे. कोथरूडकर, तुम्ही म्हणता ते अनुदान राष्ट्रीय पशुधन अभियानातलं. तिथं सुरुवातच १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून होते. दीड एकरवाल्या ताईंना त्याचा उपयोग नाही.

आता सांबारवडी, तुमच्या बकरीबद्दल. साडेतीनशे मिली हे लगेच वाईट समजू नका. गाव बदललं, चारा बदलला, हात बदलला की बकरी आठ-दहा दिवस दूध चोरते. त्यात तिचा बोकड दिवसभर पितोय. तो जे पितो तेही तिचंच दूध, ते तुम्ही मोजलेलं नाही. रात्री बोकड वेगळा बांधा, सकाळी दूध काढा, मग दिवसभर दोघांना एकत्र सोडा. आठवडाभर हे करून आकडा सांगा. तीन लिटर मात्र विसरा. आपल्या भागात दिवसाला लिटरभर देणारी बकरी ही चांगली बकरी. उस्मानाबादी अर्धा ते दीड लिटर देते, बेरारी त्याहून थोडी कमी. सुरती दुधाला बरी, पण ती गुजरातची. इकडं खात्रीची मिळणं कठीण, आणि बाजारात पांढरी दिसली की प्रत्येकच सुरती असते.

माझा सल्ला एका ओळीत सांगतो. जातीचं नाव विकत घेऊ नका, कास विकत घ्या. दोन दाती किंवा चार दाती (म्हणजे दोन-चार पक्के दात आलेली, तरुण), एकदा तरी व्यालेली, पिल्लू अंगावर असलेली बकरी बघा. संध्याकाळी मालकासमोर कास पूर्ण रिकामी करा आणि सकाळी पुन्हा जाऊन काढा. जो मालक याला तयार होतो त्याच्याकडूनच घ्या. रिकामी कास हाताला मऊ, सुरकुतलेली लागली पाहिजे. रिकामी होऊनही कडक राहिली, आत गाठ लागली तर सोडून द्या, ती जुनी कासदाह असते. दोन्ही सड सारखे हवेत आणि मुठीत धरता येतील एवढे हवेत.

ताईचा_मळा | २९ एप्रिल, रात्री ९.१०

उमरेडकडून. माझ्याकडे पाच आहेत, तीन उस्मानाबादी आणि दोन इथल्याच. डॉक्टर काकांनी सांगितलं त्यात एक भर घालते. शक्य असेल तर बकरी बाजारातून घेऊच नका, घरून घ्या. पावसाळ्याआधी चारा संपत आला की लोक चांगल्या बकऱ्याही काढतात. मी माझी काळी अशीच घेतली. मालकीण रडत होती, तिथंच कळलं की बकरी चांगली आहे.

उन्हाचं सांगते. पत्रा असेल तर त्यावर पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाच्या, तुरीच्या वाळल्या काड्या), जे असेल ते हातभर जाडीनं पसरा. पश्चिमेच्या बाजूला जुन्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या किंवा गोणपाट बांधून दुपारी पाणी मारा. पण जमीन ओली करू नका. ओल्या जमिनीनं खूर आणि कास दोन्ही बिघडतात. चरायला पहाटे सहा ते नऊ, नंतर पाच वाजल्यावर. मधल्या वेळात बकरी काही खात नाही, बसून धापा टाकते, तेव्हा समोर ढेप ठेवून उपयोग नाही. पाणी माठातलं ठेवा. उन्हात तापलेल्या टबातल्या पाण्याला ती तोंड लावत नाही आणि पाणी तुटलं की दुसऱ्या दिवशीच दूध तुटतं. माझ्याकडे हे अगदी डोळ्यांसमोर झालंय. लग्नाला गेलो, भावानं टब भरला पण उन्हात ठेवला. लिटरची बकरी दोन दिवसांत पावलिटरवर आली, परत चढायला पंधरा दिवस लागले.

सांबारवडी | ४ मे, रात्री ९.५०

आठवडा नाही झाला, पण राहवत नाही. रात्री बोकड वेगळा बांधल्यावर सकाळचं दूध सहाशे मिली! आईंनी मापाचं भांडं दोनदा तपासलं. बाबा आता विकणाऱ्याला शिव्या देत नाहीत, थोडं कमी देतात.

दोन गोष्टी विचारते. दुधाला वास येतो. आणि माझ्या नणंदेचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, त्याला गायीच्या दुधाची ॲलर्जी निघाली. आईंचं म्हणणं, बकरीचं दूध हलकं, त्याला तेच द्यायचं. द्यावं का?

निवृत्त_पशुवैद्य | ५ मे, सकाळी ७.१५

बाळाला देऊ नका. हा मुद्दा ठळक समजा. गायीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बकरीच्या दुधाचीही येते, कारण ती प्रथिनं एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. शिवाय बकरीच्या दुधात फॉलिक ॲसिड फारच कमी. फक्त त्यावर वाढलेल्या बाळाचं रक्त कमी होतं, हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे. बाळाचं काय ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. आईंना म्हणावं, हलकं ते हलकं, पण मोठ्यांसाठी. चरबीचे कण बारीक असतात, दही मऊ लागतं, पचायला सोपं वाटतं. मात्र दुधातली साखर जवळपास गायीच्या दुधाएवढीच असते, म्हणून ज्याचं पोट त्या साखरेनं बिघडतं त्याचं याही दुधानं बिघडणार.

वासाचं. जवळपास बोकड आहे का? मोठा? वयात आलेल्या बोकडाच्या शिंगांमागं ग्रंथी असतात, त्यात तो स्वतःच्या अंगावर मुततो, आणि तो दरवळ दुधात उतरतो. तुमचा दोन महिन्यांचा आहे, त्याचा नसणार. मग भांडं बघा, हात बघा. कास कोमट पाण्यानं पुसा, पहिल्या दोन धारा वेगळ्या वाटीत घ्या. त्यात गुठळ्या, पाणीदारपणा, रक्ताची झाक दिसली तर ते दूध वापरू नका आणि मला विचारा. बाकीचं लगेच फडक्यातून गाळून उकळा. तासभर तसंच ओट्यावर राहिलं की बकरीच्या दुधाला वास धरतोच. कच्चं पिऊ नका, कुणालाही देऊ नका. ब्रुसेलोसिस नावाचा ताप बकरीच्या कच्च्या दुधातून माणसाला येतो, आणि एकदा आला की महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. गाभ टाकलेल्या बकरीची वारही उघड्या हातानं उचलू नका.

ताईचा_मळा | ५ मे, दुपारी २.४०

कच्च्याचा विषय निघाला म्हणून. डेंग्यूच्या दिवसांत माझ्या दारात गाड्या उभ्या राहतात. "ताई, पेशी कमी झाल्यात, कच्चंच द्या, उकळलं की गुण जातो." एकदा एका माणसानं पाव लिटरला शंभराची नोट काढून दिली. मी उकळून दिलं, तो रागावून गेला. पुढच्या घरी त्याला कच्चं मिळालं असणार.

निवृत्त_पशुवैद्य | ५ मे, दुपारी ३.०५

बरोबर केलंत. डेंग्यूत ताप उतरल्यानंतर दोन-तीन दिवसांनी पेशी आपोआप वर येतात. त्याच वेळी जे प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं. बकरीला मिळतं, पपईच्या पानालाही मिळतं.

धुरेकरी | ५ मे, रात्री ८.३०

साल खाल्ल्याचं कोनीच बोललं नाई. ताई, बकरी अन् संत्रा एका वावरात राहत नाई. राहिलेच तं संत्रा राहत नाई. बांधून चारा, नाईतं बागेले काटेरी कूड करा, कमरेएवढा नाई, छातीएवढा. अन् धुऱ्यावरची बोर-बाभूळ हाय ते सोनं हाय. बाभळीच्या शेंगा आत्ता जमा करून पोत्यात भरून ठेवा. पावसाळ्यात ओला चारा खाऊन ढाळ लागते तवा कामी येते.

पऱ्हाटीच्या वावरात बकरी घालू नका, फवारनी कवा झाली ते मालकाले बी आठवत नसते. अन् पावसाच्या ताणातली कोवळी ज्वारी तं अजिबात नाई. माया चुलत्याच्या तीन बकऱ्या एका सांजेले गेल्या. पोट फुगलं, मान टाकली, अर्ध्या तासात खेळ खलास.

निवृत्त_पशुवैद्य | ५ मे, रात्री ९.००

कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं, म्हणून. फुलोऱ्यानंतर भीती बरीच कमी होते.

खुराकाचं थोडं सांगतो, कारण इथं सगळे ढेपेवर जातात. एका दुधाळ बकरीला तीन-चार किलो हिरवा पाला, अर्धा ते एक किलो तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार आणि पाव किलो खुराक पुरतो. नागपुरात डाळ मिलची तुरीची चुनी मिळते, ती, थोडी मक्याची भरड आणि थोडी सरकी ढेप असं मिसळा. नुसती ढेप महाग पडते, आणि लहान पिल्लांना सरकी ढेप द्यायचीच नाही. वरून क्षारमिश्रण दहा-पंधरा ग्रॅम. सोयाबीनचं कुटार चालतं, पण मळणीनंतर खळ्यावर बकरी सुटली आणि दाणे हाणले तर पोट आंबतं, रात्रीत मरते. तुमच्याकडं विहीर आहे, तर धुऱ्याला शेवगा, दशरथ घास, थोडी सुबाभूळ लावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको, केस गळतात.

लसी मात्र आत्ता घ्या, पाऊस पडायच्या आधी. आंत्रविषार आणि घटसर्प मे महिन्यात. पीपीआर, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस, एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको. लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी. सरकारी दवाखान्यात जमतं, न जमल्यास १९६२ वर फोन करा, फिरतं पथक येतं. आणि एक, बकरीच्या अंगात १०२-१०३ फॅरनहाइट असतंच. थर्मामीटर लावून घाबरू नका.

सांबारवडी | १५ जून, रात्री ९.३५

बरेच दिवस गायब होते. नवतपा कसा काढला ते आम्हालाच माहीत. ताईंनी सांगितलेल्या तुराट्या पत्र्यावर टाकल्या, आतलं ऊन निम्मं झालं. बाबा दुपारी स्वतःची खाट शेडमध्ये टाकू लागले, म्हणजे किती गार असेल बघा. आई म्हणतात, यांना बकरीसोबत झोपायचं निमित्त हवं होतं.

दुसरी बकरी आली. कोंढाळीकडच्या एका घरून, चार दाती, काळी, पाठीवर तपकिरी झाक, इथलीच. संध्याकाळी कास रिकामी केली, रात्री तिथंच गावात ओळखीच्यांकडे राहिलो, सकाळी पुन्हा काढलं. साडेसातशे. मालक हसत होता, "बाप्पा, पोरगी पाहाले आले का?" पण हरकत घेतली नाही. अकरा हजारांत दिली. म्हणजे सतरा हजारांत कान घेतले होते आणि अकरा हजारांत दूध.

पहिलीचं दूध आता फारच कमी झालंय. गाभण कधी करायची? बोकड घ्यावा का?

धुरेकरी | १५ जून, रात्री १०.१०

दोन बकऱ्यांसाठी बोकड पोसू नका. एक बोकड वीस-पंचवीस बकऱ्याले पुरते. शेजारी कोनाकडे चांगला असन तं बकरी तिकडं न्या. बोकड पाहताना त्याची माय पाहा, दूध तिच्याकडून येते. अन् तुमचा तो लहान बोकड चार महिन्याचा झाला असन. त्याले आत्ताच दूर करा, नाईतं मायलेच लागन अन् तुमाले कळनारबी नाई.

निवृत्त_पशुवैद्य | १६ जून, सकाळी ७.४०

सगळं बरोबर. शेपटी सतत हलवते, विनाकारण ओरडते, दूध कमी देते, मागून चिकट स्राव दिसतो, की ती माजावर आली. दीड दिवस राहतो, नाही जमलं तर अठरा ते एकवीस दिवसांनी पुन्हा येतो. जुलैत लागली तर डिसेंबरात व्यायेल, तेव्हा ऊन नाही, पाऊस नाही, आणि थोड्याच दिवसांत तुरीचं नवं कुटार येतं. दोघींना एकदम लावू नका. एकीला आता, दुसरीला चार महिन्यांनी, म्हणजे वर्षभर घरात कुणाचं ना कुणाचं दूध असेल. व्यायच्या आधी दीड-दोन महिने दूध काढणं बंद करा. हा नियम घरच्यांना पटत नाही, पण पोटातलं पिल्लू शेवटच्या महिन्या-दीड महिन्यातच वाढतं.

कोथरूडकर | १६ जून, सकाळी ११.००

म्हणजे एकूण वर्षाचा हिशोब केला तर दुधाची पिशवी स्वस्त पडेल ना?

ताईचा_मळा | १६ जून, सकाळी ११.२५

पडेल. पिशवी मात्र दुपारी शेडमध्ये बसून सासऱ्यांशी बोलत नाही.

सांबारवडी | ९ डिसेंबर, रात्री १०.४०

पहिली व्याली. ८ जुलैला लागली होती, ५ डिसेंबरला पहाटे. डॉक्टर काका, बरोबर दीडशे दिवस! एक पाठ (मादी पिल्लू), एक बोकड. आम्ही शहरात होतो, सगळं आई-बाबांनी केलं. बोकड आधी आला, पाठीला वेळ लागला. ती थंडगार, हलतच नव्हती. बाबांनी गोणपाटानं खसाखसा पुसली, नाकातोंडातलं काढलं, आईंनी चूल पेटवून जवळ धरली. चीक लगेच पाजायचा हे इथं वाचून आईंनी पाठ करून ठेवलं होतं. पाठ उभी राहीना, तर आईंनी वाटीत चीक काढून बोटानं चाटवला, तासाभरात तिसऱ्यांदा चाटवला तेव्हा ओढायला लागली. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "दोन झाले, तू चहा घेतला का?"

खरवस केला नाही. नणंद विचारत होती, आईंनी स्पष्ट सांगितलं, तो पिल्लांचा आहे.

आत्ता सकाळी काळीचं अर्धा लिटर येतंय. तिला मागच्या महिन्यात लावलीय, म्हणजे तीही काही दिवसांत आटेल. पहिलीचं अजून पंधरा दिवस काढायचं नाही असं ठरवलंय. चहा सध्या जेमतेम होतो.

निवृत्त_पशुवैद्य | १० डिसेंबर, सकाळी ७.०५

अभिनंदन. नाळेला आयोडीन लावलं ना? नसेल तर आज लावा. पाठीला पहिले पंधरा दिवस रात्री पोत्याच्या उबेत ठेवा, काटोल-कळमेश्वरची डिसेंबरची थंडी पिल्लांना घेऊन जाते. तीन महिन्यांची झाली की आंत्रविषार, चौथ्यात पीपीआर. बोकड गिऱ्हाइकाला कधी द्यायचा ते बाबा ठरवतील.

धुरेकरी | १० डिसेंबर, सकाळी ९.३०

पाठ विकू नका ताई. पहिल्या वेताची पाठ घरची, तिच्यापासून पुढचं सगळं चालते.

सांबारवडी | १० डिसेंबर, सकाळी ९.४८

आईंनी तिचं नाव ठेवलंय, दुर्गा. आता विकायचा विषयच संपला. बोकडाचं नाव कुणी ठेवायचं नाही असं बाबांनी बजावलंय.